शील कोणाला साध्य होते? ग्रीक सद्गुणविचार आणि ख्रिस्ती नीतिशास्त्र

विहारात वंदनेच्या वेळी उपासक-उपासिका पंचशील ग्रहण करतात. त्या प्रत्येक शीलाच्या अखेरीस 'सिक्खापद' हा शब्द येतो. सिक्खापद म्हणजे शिक्षणाचे पद, शिकण्याची पायरी. या एका शब्दात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली अशी की, शील हे शिकून आणि आचरून अंगी बाणविता येते. दुसरी अशी की, ते शिकण्याचा अधिकार रांगेत बसलेल्या प्रत्येकाला आहे. त्यासाठी कुळ, वर्ण वा लिंग विचारले जात नाही. या दोन्ही गोष्टी आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्यांच्यासंबंधी जगाच्या इतिहासात केवढे वाद माजले याची कल्पना आपल्याला सहसा येत नाही.

पाश्चात्त्य जगाचा नीतिविचार मुख्यतः दोन प्रवाहांच्या संगमातून घडला. एक प्रवाह प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाचा आणि दुसरा ख्रिस्ती धर्माचा. ग्रीकांनी सद्गुण आणि चारित्र्य यांविषयी जे आदर्श सिद्ध केले होते, ते ख्रिस्ती विचारवंतांनी काही अंशी स्वीकारले, काही अंशी बदलले आणि काही अंशी नाकारले. या देवघेवीचा इतिहास प्रस्तुत लेखात आम्ही थोडक्यात सांगणार आहोत. तो सांगताना दोन प्रश्न सतत समोर ठेवावयाचे आहेत : शील कोणाला साध्य होते? आणि ते कोणाच्या प्रयत्नाने साध्य होते? ज्या समाजाला शतकानुशतके 'तुमच्या जन्मातच शील नाही' असे ऐकविण्यात आले, त्या समाजातील वाचकाला हे प्रश्न केवळ पांडित्याचे वाटणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.

अरेते : गुणाची ग्रीक कल्पना

ग्रीक भाषेत सद्गुणासाठी 'अरेते' हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ 'उत्कृष्टता' असा होतो. सुरीची अरेते म्हणजे तिची धार. घोड्याची अरेते म्हणजे त्याचे उत्तम धावणे. डोळ्याची अरेते म्हणजे स्वच्छ दृष्टी. ज्या वस्तूचे जे कार्य, ते उत्तम रीतीने पार पाडण्याची तिची शक्ती म्हणजे तिचा गुण. होमरच्या महाकाव्यांत अरेते हा प्रामुख्याने रणांगणावरील वीराचा आणि उच्च कुळातील पुरुषाचा गुण होता. पुढे सॉक्रेटिस आणि प्लेटो यांनी या शब्दाचा रोख बाह्य पराक्रमाकडून आत्मपरीक्षणाकडे वळविला. माणूस म्हणून माणसाचे कार्य कोणते आणि ते उत्तम रीतीने करावयास त्याच्या अंगी काय असावे लागते, असा तो प्रश्न झाला.

प्लेटोने 'रिपब्लिक' या ग्रंथात प्रज्ञा, धैर्य, संयम आणि न्याय असे चार सद्गुण सांगितले. त्याच ग्रंथात त्याने आदर्श नगरराज्याचे तीन वर्ग कल्पिले : प्रज्ञावान राज्यकर्ते, धैर्यशील रक्षक आणि उत्पादन करणारे इतर लोक. प्रत्येकाने आपापले नेमून दिलेले काम करावे आणि दुसऱ्याच्या कामात हात घालू नये, हा त्याच्या मते न्याय. हे वाचताना आपल्याला चातुर्वर्ण्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'जातिभेद निर्मूलन' या प्रबंधात चातुर्वर्ण्याची चिकित्सा करताना प्लेटोचीही चिकित्सा केली, ती याच कारणाने. प्रत्येक व्यक्ती स्वतंत्र आणि अनन्य असते. तिला दोनचार ठरावीक कप्प्यांत कोंबता येत नाही, हे प्लेटोच्या ध्यानी आले नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

ॲरिस्टॉटल : सवयीतून घडणारे चारित्र्य

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४ ते ३२२) याच्या 'निकोमाखियन एथिक्स' या दहा भागांच्या ग्रंथात ग्रीक सद्गुणविचार पूर्णत्वाला पोहोचला. मनुष्याचे अंतिम ध्येय 'युडायमोनिया' हे आहे, असे तो म्हणतो. या शब्दाचे भाषांतर 'सुख' असे केले जाते. परंतु तो क्षणिक आनंद नव्हे. सबंध आयुष्य चांगल्या रीतीने जगणे, माणूसपण बहरास येणे, असा त्याचा आशय आहे.

सद्गुण हे निसर्गतः आपल्या अंगी नसतात. तसेच ते निसर्गाविरुद्धही नसतात. ते ग्रहण करण्याची क्षमता निसर्ग देतो आणि सवय ती पूर्णत्वास नेते. घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वाजवून वादक होतो, त्याचप्रमाणे न्यायाची कृत्ये करून करून तो न्यायी होतो. ग्रीक भाषेत 'सवय' आणि 'चारित्र्य' हे शब्द उच्चाराने अगदी जवळचे आहेत, याकडेही तो लक्ष वेधतो. मात्र नुसती सवय पुरेशी नाही. कोणत्या प्रसंगी, कोणाशी, किती आणि कशा प्रकारे वागावे हे ओळखणारी व्यवहारप्रज्ञा तिच्या जोडीला हवी. या प्रज्ञेला तो 'फ्रोनेसिस' म्हणतो.

सद्गुण हा दोन टोकांच्या मधला असतो, हे त्याचे मत प्रसिद्धच आहे. भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधे धैर्य. कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्या मधे औदार्य. हा मध्य गणितातील मध्यासारखा सर्वांना सारखा नसतो. मायलो नावाच्या मल्लाला जेवढे अन्न पुरेसे, तेवढे व्यायामास नुकता आरंभ करणाऱ्याला जास्त होईल, असे उदाहरण त्याने दिले आहे.

शील हे अभ्यासाने घडते, हा विचार आपल्याला निकटचा वाटेल. परंतु ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या शिखरावर कोण उभा आहे हे पाहिले म्हणजे अंतर कळू लागते. तेथे 'महामनस्क' पुरुष उभा आहे. तो स्वतःला मोठ्या सन्मानास पात्र समजतो आणि खरोखर पात्र असतो. तो दुसऱ्यावर उपकार करतो, पण दुसऱ्याचे उपकार घेण्याची त्याला लाज वाटते. त्याची चाल संथ आणि आवाज गंभीर असतो. हे चित्र अथेन्सच्या स्वतंत्र, सधन आणि फुरसत असलेल्या नागरिकाचे आहे.

ज्यांच्यासाठी दार बंद होते

मग ज्यांच्या श्रमांवर ही फुरसत उभी होती त्यांचे काय? 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ॲरिस्टॉटल याचे उत्तर देतो. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात. गुलाम हे मालकाचे सजीव हत्यार होय. गुलामाच्या ठायी विचारपूर्वक निर्णय घेण्याची शक्ती मुळीच नसते. स्त्रीच्या ठायी ती असते, पण तिला अधिकार नसतो. मुलाच्या ठायी ती अपरिपक्व असते. मग गुलामाला सद्गुण हवा की नको? हवा, पण कामात कुचराई होऊ नये एवढ्यापुरताच. उत्तम राज्यात कारागीर आणि मजूर यांना नागरिकत्व देऊ नये, कारण सद्गुणाच्या जोपासनेस लागणारी सवड त्यांना नसते, असेही तो सांगतो.

येथे विचाराची गाठ कोठे पडली आहे हे नीट पाहावे. शील अभ्यासाने घडते, हे तत्त्व खरे आहे. अभ्यासाला शिक्षण, सवड आणि स्वातंत्र्य लागते, हेही खरे. परंतु ही साधने ज्यांच्यापासून हिरावून घेतली त्यांच्या ठायी शील दिसत नाही, म्हणून ते निसर्गतःच शीलाला अपात्र आहेत, असा निष्कर्ष काढणे म्हणजे परिणामाला कारण ठरविणे होय. आधी विहिरीवर बंदी घालावयाची आणि मग अस्वच्छ म्हणून हिणवावयाचे, हा न्याय आपल्या देशाला अपरिचित नाही.

ॲरिस्टॉटलच्या पाठोपाठ आलेल्या स्टोइक पंथाने ही भिंत बरीचशी पाडली. इ.स.पू. ३०० च्या सुमारास झेनो याने अथेन्समध्ये या पंथाची स्थापना केली. सद्गुण हेच एकमेव खरे श्रेय असून विवेकबुद्धी असणाऱ्या कोणाही माणसाला तो साध्य आहे, असे स्टोइक मानीत. या पंथाच्या श्रेष्ठ आचार्यांत एपिक्टेटस हा पूर्वाश्रमीचा गुलाम होता आणि मार्कस ऑरेलियस हा रोमचा सम्राट होता. तथापि त्यांनी गुलामाला अंतःकरणाचे स्वातंत्र्य सांगितले. त्याच्या पायातील बेडी तोडण्याचा प्रश्न त्यांनी उचलला नाही.

ग्रीक विचार ख्रिस्ती धर्माच्या अंगणात

ख्रिस्ती धर्माचा उदय यहुदी समाजात झाला, पण त्याचे आद्य ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिले गेले. असे असूनही संत पौलाच्या पत्रांत 'अरेते' हा शब्द अवघ्या एका ठिकाणी, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात, आढळतो. पौलाचा भर विश्वास, आशा आणि प्रीती या त्रयीवर होता आणि त्यांत प्रीती ही सर्वश्रेष्ठ, असे त्याने करिंथकरांस लिहिले. ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही, ही त्याची गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील घोषणा ॲरिस्टॉटलच्या भिंतीवर घातलेला मोठा घाव होती. आदर्श पुरुषाचे चित्रही पालटले. महामनस्क नागरिकाच्या जागी शिष्यांचे पाय धुणारा आणि गुलामांना व बंडखोरांना दिली जाणारी क्रूसावरील शिक्षा भोगणारा येशू आला. ग्रीकांच्या यादीत ज्या नम्रतेला स्थान नव्हते, ती येथे सद्गुणांचा पाया ठरली.

आता ग्रीक तत्त्वज्ञानाचे करावयाचे काय, हा प्रश्न होता. कार्थेजचा तर्तुलियन याने अथेन्स आणि जेरुसलेम यांचा परस्परांशी संबंधच नाही, अशी भूमिका घेतली. उलटपक्षी अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट याने, तत्त्वज्ञान ही ग्रीकांना शुभवर्तमानासाठी तयार करणारी पाठशाळा होती, असे प्रतिपादन केले. याच क्लेमेंटने आपल्या 'स्ट्रोमाटेइस' या ग्रंथात भारतातील काही लोक 'बुत्ता' याच्या उपदेशाप्रमाणे चालतात, असा उल्लेख केला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस एका ख्रिस्ती आचार्याच्या लेखणीतून तथागतांचे नाव यावे, ही गोष्ट आपल्या वाचकांनी आवर्जून ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शेवटी क्लेमेंटचा मार्गच रूढ झाला. रोमन पंडित सिसेरो याने इ.स.पू. ४४ मध्ये आपल्या मुलासाठी स्टोइक विचारांच्या आधारे कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला होता. मिलानचा बिशप अँब्रोज याने चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याच धर्तीवर आणि त्याच नावाने धर्मगुरूंसाठी ग्रंथ रचला. प्रज्ञा, न्याय, धैर्य आणि संयम हा सांगाडा त्याने तसाच ठेवला; मात्र रोमन वीरांच्या जागी अब्राहाम, योसेफ, दावीद यांची उदाहरणे घातली. निसर्गाने सर्व काही सर्वांसाठी सामायिक निर्माण केले आणि बळकावण्यातून खाजगी मालकी उत्पन्न झाली, असे म्हणून त्याने सिसेरोच्या न्यायकल्पनेवर आक्षेपही घेतला. या चार सद्गुणांना 'कार्डिनल' म्हणण्याचा प्रघात अँब्रोजपासून सुरू झाल्याचे मानले जाते. लॅटिन भाषेत 'कार्डो' म्हणजे दाराची बिजागरी. ज्यांवर नैतिक जीवनाचे दार फिरते ते हे चार सद्गुण.

ऑगस्टीन आणि पेलाजियस : प्रयत्न की कृपा?

अँब्रोजच्या हस्ते इ.स. ३८७ मध्ये बाप्तिस्मा घेणारा ऑगस्टीन (इ.स. ३५४ ते ४३०) याने या विचाराला निर्णायक वळण दिले. ॲरिस्टॉटलला सवय ही सद्गुणाची जननी वाटली. ऑगस्टीनला ती बेडी वाटली. चांगले काय ते कळते, ते करावेसे वाटते, तरी जडलेली सवय पाय मागे ओढते, या अनुभवाचे अत्यंत प्रांजळ वर्णन त्याने आपल्या आत्मकथनात केले आहे. यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की, मूळ पापाने माणसाची इच्छाशक्तीच जखमी झाली असून ईश्वराच्या कृपेवाचून ती बरी होऊ शकत नाही. सद्गुण म्हणजे सुव्यवस्थित प्रेम. चारही ग्रीक सद्गुण ही ईश्वरावरील प्रेमाचीच निरनिराळी रूपे होत. ईश्वराकडे न वळलेल्या माणसाचे सद्गुण हे अहंकाराने पोसलेले असल्यामुळे ते वस्तुतः दुर्गुणच ठरतात, असेही त्याने 'ईश्वराचे नगर' या ग्रंथात लिहिले.

त्याच काळात पेलाजियस नावाच्या तपस्व्याने याच्या उलट मत मांडले. माणसाला चांगले वागता येते, म्हणूनच त्याच्यावर चांगले वागण्याची जबाबदारी आहे. मूळ पापाची सबब पुढे करून कोणी हात झटकू नयेत, असे तो शिकवीत असे. इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलाजियसपंथी मतांचा निषेध केला. मनुष्याच्या स्वप्रयत्नाला अग्रस्थान देणारा विचार तेव्हापासून पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मात संशयास्पद ठरला.

गुलामगिरीविषयी ऑगस्टीनचे मत विशेष लक्षणीय आहे. कोणीही निसर्गतः गुलाम नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. येथे तो ॲरिस्टॉटलच्या पुढे गेला. परंतु गुलामगिरी ही पापाची शिक्षा असून दासांनी ती निष्ठेने सोसावी, असेही तो म्हणाला. म्हणजे निसर्गाचा दाखला गेला आणि पापाचा दाखला आला. बेडी मात्र जागच्या जागी राहिली. मागील जन्मीच्या कर्माने या जन्मीची हीन स्थिती प्राप्त झाली, या युक्तिवादाशी त्याचे साम्य उघड आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्या कर्मसिद्धांतावर जो प्रहार केला, त्याचे मर्म अशा तुलनेने अधिक स्पष्ट होते.

तथापि न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे की, चौथ्याच शतकात निसाचा ग्रेगरी या बिशपाने माणसाची मालकी सांगण्याच्या कल्पनेवरच हल्ला चढविला होता. जो ईश्वराची प्रतिमा आहे त्याची किंमत कोण ठरविणार, असा त्याचा सवाल होता. दुर्दैवाने ख्रिस्ती जगाने दीर्घकाळ ग्रेगरीचे न ऐकता ऑगस्टीनचे ऐकले.

थॉमस अक्वायनस : दोन प्रवाहांचा समन्वय

पश्चिम युरोपात ॲरिस्टॉटलचे बहुतेक ग्रंथ अनेक शतके उपलब्ध नव्हते. अरबी भाषेतून लिहिणाऱ्या विद्वानांनी, विशेषतः कोर्डोबाच्या इब्न रुश्द याने, त्यांचा अभ्यास जिवंत ठेवला. इंग्लंडमधील बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट याने तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास 'निकोमाखियन एथिक्स'चे संपूर्ण लॅटिन भाषांतर केले. त्यानंतरच्या पिढीत थॉमस अक्वायनस (इ.स. १२२५ ते १२७४) याने 'सुम्मा थिओलोजिए' या प्रचंड ग्रंथात ॲरिस्टॉटल आणि ऑगस्टीन यांचा मेळ घातला.

त्याने ख्रिस्ती सदाचाराची मांडणीच सात सद्गुणांवर केली : विश्वास, आशा व प्रीती हे तीन ईश्वरविषयक आणि प्रज्ञा, न्याय, धैर्य व संयम हे चार ग्रीक परंपरेतून आलेले. सवयीने मिळविलेले सद्गुण हे अपूर्ण असले तरी खरे सद्गुण आहेत, असे मान्य करून त्याने ऑगस्टीनची कठोरता सौम्य केली. परंतु परम ध्येयाप्रत नेणारे सद्गुण अभ्यासाने मिळत नाहीत. ईश्वरच ते माणसाच्या ठायी ओततो, असे त्याने सांगितले. महामनस्कता आणि नम्रता यांतील विरोधही त्याने कुशलतेने मिटविला. ईश्वराने दिलेल्या गुणांकडे पाहून मोठ्या कार्यास हात घालणे ही महामनस्कता आणि स्वतःच्या उणिवांकडे पाहून मर्यादा ओळखणे ही नम्रता. धैर्याचा आदर्शही त्याने रणांगणावरील योद्ध्याकडून श्रद्धेसाठी मरण पत्करणाऱ्या हुतात्म्याकडे नेला.

हा समन्वय सर्वांना मानवला नाही. मार्टिन लूथर याने १५१७ साली मांडलेल्या प्रमेयांत ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राला कृपेचा कट्टर शत्रू ठरविले. न्यायाची कृत्ये करून आपण न्यायी होत नाही. आधी ईश्वर आपणास न्यायी ठरवितो आणि मग आपल्या हातून न्यायाची कृत्ये घडतात, असे त्याचे म्हणणे होते. गवंडी आणि वादक यांच्या दृष्टांताला दिलेले हे थेट प्रत्युत्तर होय.

वायादोलिदची कसोटी

या साऱ्या विचारांची व्यवहारातील कसोटी सोळाव्या शतकात लागली. स्पेनने अमेरिका खंडात राज्य स्थापून तेथील मूळ रहिवाशांना वेठीस धरले होते. १५५०-५१ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याच्या आज्ञेने वायादोलिद या शहरी विद्वानांची सभा भरली. ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'चा लॅटिन अनुवादक हुआन हिनेस दे सेपुल्वेदा याने असा पक्ष मांडला की, हे लोक निसर्गतः गुलाम असल्यामुळे त्यांच्याशी युद्ध करून त्यांना अंकित करणे न्याय्य आहे. म्हणजे अठरा शतकांपूर्वीचे ते बंद दार आता एका संपूर्ण खंडावर लोटले जात होते आणि लोटणारा स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत होता.

त्याच्या विरोधात डॉमिनिकन भिक्षू व माजी बिशप बार्तोलोमे दे लास कासास उभा राहिला. त्याने केवळ दयेची याचना केली नाही. ॲरिस्टॉटलच्याच कसोट्या घेऊन, या लोकांची नगरे, कुटुंबव्यवस्था, राज्यकारभार आणि कला यांच्या आधारे त्यांच्या ठायी प्रज्ञा पुरेपूर आहे, हे त्याने आपल्या लेखनात सविस्तर दाखविले. त्या सभेचा स्पष्ट निर्णय झाला नाही आणि शोषणही थांबले नाही. लास कासासने स्वतः एकेकाळी आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती. उत्तरायुष्यात त्याला त्याचा घोर पश्चात्ताप झाला. चांगल्या माणसाची करुणादेखील कोठे अडते, हे यावरून दिसते.

आधुनिक काळात, १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात ॲलस्डेअर मॅकिंटायर याने ॲरिस्टॉटलच्या सद्गुणविचाराचे पुनरुज्जीवन केले. पुढे १९९९ च्या आपल्या ग्रंथात मात्र त्यानेच मान्य केले की, दुसऱ्याच्या साहाय्याची लाज बाळगणारा महामनस्क पुरुष हा आदर्श सदोष आहे. कारण परावलंबन हा मानवी जीवनाचाच भाग आहे. १९९२ साली डेमियन कीऑन याने बौद्ध नीतिशास्त्राची ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राशी तुलना करणारा ग्रंथ लिहिला. तेव्हापासून ही तुलना विद्वानांत रूढ झाली आहे.

धम्माच्या दृष्टीने विचार

ही तुलना उपयुक्त आहे, पण ती सावधपणे केली पाहिजे. ॲरिस्टॉटलचा मध्य आणि तथागतांचा मध्यम मार्ग एकच, असे काही वेळा सांगितले जाते. ते बरोबर नाही. ॲरिस्टॉटल बहुतेक भावनांचे योग्य प्रमाण शोधतो. तथागतांचा मध्यम मार्ग हा कामसुख आणि देहदंड ही दोन्ही टोके टाळून दुःखनिरोधाकडे नेणारा आर्य अष्टांगिक मार्ग आहे. द्वेषाचे योग्य प्रमाण किती, असा प्रश्न धम्मात उद्भवत नाही.

आरंभीच्या दोन प्रश्नांकडे आता परत येऊ. शील कोणाला साध्य होते? दीघनिकायातील सोणदण्ड सुत्तात तथागत सोणदण्ड ब्राह्मणाला विचारतात की, कोणत्या गुणांनी माणूस ब्राह्मण ठरतो. तो कुळ, मंत्रविद्या, रूप, शील आणि प्रज्ञा असे पाच गुण सांगतो. यांतून एकेक वगळता येईल काय, असे विचारत गेल्यावर रूप गळते, मंत्रविद्या गळते, शेवटी जन्मही गळतो. शील आणि प्रज्ञा मात्र वगळता येत नाहीत, कारण हाताने हात धुवावा तशी ती परस्परांना शुद्ध करतात. ॲरिस्टॉटलनेही चारित्र्य आणि व्यवहारप्रज्ञा यांची अशीच जोडी सांगितली होती. पण त्याने जन्माला गाळले नाही. संघात नापित उपाली विनयाचा श्रेष्ठ ज्ञाता ठरला आणि रस्ते झाडणारा सुनीत अर्हत झाला.

शील कोणाच्या प्रयत्नाने साध्य होते? येथे धम्म ऑगस्टीनपासून वेगळा होतो. सवय ही बेडी होऊ शकते, हा ऑगस्टीनचा अनुभव खोटा नाही. तृष्णेचे बंधन धम्मही मानतो. परंतु ती बेडी तोडण्यासाठी धम्म बाहेरच्या कृपेकडे बोट दाखवीत नाही. तथागत मार्गदाते आहेत, मोक्षदाते नाहीत, हे बाबासाहेबांनी आवर्जून सांगितले. अंगुलिमालाचे हात रक्ताने माखलेले होते, तरी त्याच्या परिवर्तनाचा मार्ग त्याच्याच पायांनी चालून झाला.

नम्रतेसंबंधीही एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. ताठ मानेच्या सरदाराला नम्रता शिकविणे आणि ज्याची मान पिढ्यान्‌पिढ्या वाकविली गेली त्याला नम्रता शिकविणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. बौद्ध परंपरेत 'मान' म्हणजे अहंकार हा त्रिविध सांगितला आहे : मी श्रेष्ठ आहे, मी समान आहे आणि मी हीन आहे. स्वतःला हीन समजणे हेदेखील बंधनच होय. ग्रीकांच्या महामनस्कतेने पहिले बंधन जोपासले. ख्रिस्ती नम्रतेचा उपदेश दुबळ्यांच्या माथी मारला गेला तेव्हा तिसरे बंधन बळकट झाले. स्वाभिमान आणि शील ही दोन्ही एकाच श्वासात सांगणाऱ्या बाबासाहेबांनी या दोहोंपासून आपणास सोडविले.

मात्र यातून आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. ख्रिस्ती धर्माने गुलामाला समान आत्मा दिला, पण समाजव्यवस्था तशीच राहू दिली. याचे कारण असे की, धर्मात नीती ही ईश्वराच्या अनुषंगाने येते. प्रसंगी जोडता येते आणि प्रसंगी सोडता येते. धम्मात नीती हीच ईश्वराच्या स्थानी आहे, असे बाबासाहेब म्हणतात. मग तिच्यात उणीव राहिली तर ती भरून काढणारा दुसरा कोणी नाही, ही जबाबदारीही आपल्यावर येते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याचा आधार घेऊन बाबासाहेबांनी सांगितले होते की, संवैधानिक नीती ही नैसर्गिक भावना नाही, ती जोपासावी लागते. व्यक्तीच्या शीलाचेही तसेच आहे.

बावीस प्रतिज्ञांत दहा पारमितांच्या पालनाची प्रतिज्ञा आहे. ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी लोकांनी घेतली. त्यांत शेतमजूर होते, गिरणी कामगार होते, झाडूवाले होते, अक्षरओळख नसलेल्या माताभगिनी होत्या. ज्यांना ॲरिस्टॉटलने आपल्या नगराबाहेर ठेवले असते, त्यांनीच शील हे आपले ध्येय म्हणून स्वीकारले. दार उघडे आहे, याविषयी आता वाद नाही. उघड्या दारातून आत पाऊल टाकणे, आणि ते रोज टाकणे, एवढेच शिल्लक आहे. 'सिक्खापद' या शब्दाचा अर्थ तोच आहे.